हिल्डेगार्डच्या गाण्यात तानपुरा कुठून आला?

प्रश्न : मुलगी फ्रँकफुर्टजवळ राहते, सप्टेंबरात आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. बिंगेनच्या हिल्डेगार्ड या बाराव्या शतकातल्या मठाध्यक्षेचा तिकडे १७ तारखेला उत्सव असतो म्हणे. तिच्या गाण्यांचं एक रेकॉर्डिंग मुलीने पाठवलं. मागे चक्क तानपुऱ्यासारखा षड्ज! हे आपल्याकडून गेलं का? आणि आमच्या भजनी मंडळाला यातलं काही म्हणता येईल?
– एक वाचक, मिरज

उत्तर : मिरजकरांचा कान आधी तानपुऱ्यावरच जायचा! पण नाही, आपल्याकडून काही गेलेलं नाही. मुळात तो षड्ज हिल्डेगार्डने लिहिलेलाच नाही. तिच्या हस्तलिखितात आहे ती एकच ओळ, गळ्याची. सूर कुठे चढतो-उतरतो ते चिन्हांवरून कळतं, कोणता किती लांबवायचा ते कळत नाही. मागचा भरणा आताच्या गायक-वादकांचा. कानाला गोड लागतो हे खरं, पण मला तो नकोसा वाटतो. षड्ज, लगेच पंचम आणि तिथून थेट तार षड्ज, अशी उडी ती कितीदा तरी सुरुवातीलाच घेते. काही रचना तर दोन सप्तकांच्याही बाहेर जातात. मागे सूर धरून ठेवला की त्या उडीतला धोकाच जातो.

तिचा जन्म १०९८ चा. तिची एक गोष्ट मात्र जाण्याआधी माहीत असू द्या. ११७८ साली तिच्या मठाच्या आवारात एका सरदाराला पुरलं होतं. चर्चने त्याला एकदा बहिष्कृत केलं होतं. माइन्झच्या धर्माधिकाऱ्यांनी हुकूम सोडला, प्रेत उकरून बाहेर काढा. हिने साफ नकार दिला. मरण्यापूर्वी त्याला क्षमा मिळाली होती, असं तिचं म्हणणं. शिक्षा झाली ती गाण्याची बंदी! प्रार्थना म्हणायची ती दारं लावून, हळू आवाजात, नुसती वाचून. ऐंशीची बाई गप्प बसली नाही. तिने लांबलचक पत्र लिहिलं : सबळ कारणाशिवाय देवाच्या स्तुतीचं तोंड बंद करणाऱ्यांना स्वर्गातल्या गाण्यात जागा मिळणार नाही. तिच्या ‘ऑर्दो विर्तुतुम’ या संगीत नाटकात सगळे सद्गुण गातात, सैतानाला तेवढं गाणं नाही, तो नुसता ओरडतो. आता कळेल ती बंदी तिला किती झोंबली असेल! ११७९ मध्ये बंदी उठली आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला ती गेली.

उत्सव बिंगेनला नाही, ऱ्हाइन ओलांडून समोर, र्‍यूडेसहाइमच्या आयबिंगेन भागात असतो. (बिंगेनचा तिचा मूळ मठ तीस वर्षांच्या युद्धात १६३२ साली उद्ध्वस्त झाला.) बिंगेनहून फेरीबोट आहे. तिथल्या चर्चमध्ये तिच्या अस्थींची सोनेरी मंजुषा आहे. ती त्या दिवशी खांद्यावर घेऊन गल्ल्यांतून मिरवतात. पालखी बघितलेल्या माणसाला काही समजावून सांगायला नको. वरच्या चढावर द्राक्षमळ्यांमध्ये आताचा मठ आहे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. गर्दी नको असेल तर सरळ तिकडे जा. जोगिणींची रोजची प्रार्थना ऐका, कसल्याही साथीशिवाय. मग ते रेकॉर्डिंग पुन्हा लावून बघा. दुकानात तिच्या नावाने बिस्किटांपासून काय काय मिळतं, त्यात फार वेळ घालवू नका.

भजनी मंडळासाठी ‘ओ विर्तुस सापिएन्तिए’ घ्या. रचना छोटी आहे. तीन पंखांच्या प्रज्ञेची स्तुती : एक पंख उंच आकाशात, एक धरतीवर घाम गाळणारा, तिसरा सगळीकडे फिरणारा. लॅटिन देवनागरीत लिहून घ्या, एकीने एक ओळ गायची, मग सगळ्यांनी. ताल धरू नका, टाळही नकोत. पेटीही नको, पण पेटीवाल्यांची समजूत तुमची तुम्हीच काढा.