नवे लोक तेच तेच विचारतात, त्यांना ग्रुपमधून काढावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोरेगाव भागातल्या आले उत्पादकांचा 700 जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. नवे आलेले लोक "आलं पिवळं पडलंय, औषध सांगा" एवढंच लिहून मोकळे होतात. जुने जाणते वैतागले आहेत. म्हणून "पिन केलेला मेसेज वाचल्याशिवाय विचारलं तर बाहेर" असा नियम करावा का?

करू नका. मी केला होता.

मी तासगाव तालुक्यातला. द्राक्षाची दोन एकर बाग आहे आणि द्राक्षवाल्यांच्या एका ग्रुपचा बरीच वर्षं ॲडमिन आहे. 2019 चा ऑक्टोबर-नोव्हेंबर तुमच्याकडंही लक्षात असेल, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आमच्याकडं फळछाटण्या झालेल्या, कुठं नुकता फुटलेला पोंगा, कुठं फुलोरा, आणि सगळीकडं डाऊनी हा बुरशीचा रोग. ग्रुपवर दिवसाला शे-दीडशे मेसेज. अशात एका रात्री साडेदहाला एका पोरानं फोटो टाकला. ग्रुपात येऊन त्याला दोनच दिवस झालेले. फोटोत अंधार, अंगठा आणि अर्धं पान. खाली लिहिलेलं, "सर पानावर पांढरं पडलंय काय मारू". त्या दिवसातला तसला तो पंधरावा फोटो तरी असेल. मी लिहिलं, "आधी वर वाचा, मग विचारा." खाली चौघांनी हसरी तोंडं टाकली. एकानं "चुना सांडला असंल लगा" म्हणून हात धुऊन घेतला. पोरगं गप्प झालं. आम्हीही विसरलो.

महिन्याभरानं ते पोरगं मला ट्रॅक्टरच्या गॅरेजवर भेटलं. वडील अचानक गेल्यामुळं बाग त्याच्या अंगावर पडलेली, पहिलंच वर्ष. त्यानं सांगितलं ते ऐकून मला तिथनं उठून जावंसं वाटलं. ग्रुपवर आम्ही हसत होतो तेव्हा दहा मिनिटांत त्याला एकाचा खासगी मेसेज आला होता, "भुरी आहे, घाबरू नका, उद्या औषध पोच करतो." तो माणूस आमच्याच ग्रुपातला, औषधं विकणारा. पोरानं गंधकाच्या दोन फवारण्या घेतल्या. रोग होता डाऊनी. गंधक भुरीवर चालतं, डाऊनीला त्याचं काही नाही. साप साप म्हणून भुई धोपटली आणि तेवढ्यात घड तपकिरी होऊन गळाले.

द्राक्षवाले नसाल तर फरक सांगतो, कारण सगळी गोष्ट तिथंच आहे. भुरी पानाच्या वरच्या बाजूलाही राखेसारखी दिसते, बोट फिरवलं की पुसली जाते. डाऊनीत वरून तेलकट पिवळे डाग पडतात आणि पांढरी बुरशी येते ती पानाच्या खालून. म्हणजे "पांढरं पडलंय" हे दोन्हीकडं खरं. पोरगं खोटं बोलत नव्हतं की आळसही करत नव्हतं. पांढरं कुठल्या बाजूला आहे ह्याला महत्त्व असतं, हेच त्याला माहीत नव्हतं. ते माहीत असतं तर त्यानं विचारलंच कशाला असतं? आमच्यापैकी कुणी एकानं "पान उलटं करून फोटो टाक" एवढी पाच शब्दांची ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. माझी ओळही साधारण तेवढ्याच लांबीची होती, म्हणजे वेळ नव्हता असंही म्हणता येत नाही.

आणि माझ्या त्या "वर वाचा" ची गंमत बघा. व्हॉट्सॲपवर त्या वेळी नव्या सदस्याला तो यायच्या आधीचे मेसेज दिसतच नसत. त्याच्या फोनवर वर काही नव्हतंच! पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. पण मागच्याला पुढची ठेच दिसायला तर पाहिजे.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. नव्या माणसाला पहिलं उत्तर म्हणून औषधाचं नाव देऊ नये आणि टोमणाही मारू नये. त्याला उलट प्रश्न विचारावा, तोही एकच. पाच प्रश्न एकदम विचारले की तो चौकशीला बोलावल्यासारखा बिचकतो. आम्ही आधी छाटणीची तारीख विचारतो, कारण 20 व्या दिवसाची बाग आणि 45 व्या दिवसाची बाग ही दोन वेगळी दुखणी आहेत. मग पानाच्या दोन्ही बाजू. मग मागच्या दोन फवारण्या, आणि शेवटी द्राक्षाची जात, तालुका. तिसऱ्या प्रश्नापर्यंत निम्म्या लोकांना आपलं उत्तर आपणच सापडतं, हा मला अजूनही चमत्कार वाटतो.

टोमण्यापेक्षाही वाईट म्हणजे शांतता. उघड्यावर उत्तर मिळालं नाही की माणूस इनबॉक्समध्ये जातो, आणि इनबॉक्समध्ये कोण बसलेलं असतं ते वर आलंच. चार जाणत्यांसमोर चुकीचा सल्ला दिला तर कुणीतरी "अहो काका, तसं नव्हं" म्हणतं. खासगीत तसं म्हणायला कुणी नसतं. जुने लोक नव्यांवर खेकसतात तेव्हा ते गिऱ्हाईक दुकानदाराच्या दारात नेऊन सोडत असतात, बिनपगारी. म्हणून आमच्याकडं आता एक गोष्ट सक्तीची आहे: सल्ला सगळ्यांसमोर, आणि कंपनीच्या नावानं नाही तर औषधातल्या घटकाच्या नावानं. काढणीला किती दिवस राहिलेत हे विचारल्याशिवाय कुणी फवारणी सांगायची नाही, कारण माल निर्यातीचा असला तर फळात उरलेल्या औषधाच्या अंशामुळं पूर्ण कंटेनर अडकतो. माझ्या हातानं मी ग्रुपमधून आजवर एकालाच काढलं. तो नवा नव्हता. कोण ते ओळखलंच असेल.

"तेच तेच प्रश्न" ही तक्रार मात्र मला पूर्वीइतकी पटत नाही. परवा दिवसभरात पलूसकडच्या तिघांनी एकच फोटो टाकल्यासारखे फोटो टाकले. जुन्यांपैकी एकजण वैतागून काही लिहिणार, तेवढ्यात दुसऱ्यानं लिहिलं, "नदीकाठाला डाऊनी आली, बाकीच्यांनी उद्याच बागा बघून घ्या." प्रश्न तोच होता, पण तिघांनी एकाच दिवशी, एकाच भागातनं विचारणं ही बातमी होती. ती कुठल्या हवामानाच्या ॲपनं दिली नसती. जतच्या कोरड्या माळावरच्या माणसानं तोच प्रश्न विचारला असता तर अर्थ वेगळा निघाला असता.

जुन्यांचा वैताग नवा नाही, हेही सांगतो. इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात युजनेट नावाचं गप्पांचं जाळं होतं. दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या कॉलेजांत नवी पोरं भरती व्हायची, युजनेटवर येऊन वेडेवाकडे प्रश्न विचारायची, जुने त्यांना रीत शिकवायचे, महिन्याभरात सगळं सुरळीत. 1993-94 च्या सुमारास कंपन्यांनी घरगुती गिऱ्हाइकांना तिथं दार उघडून दिलं आणि नव्यांचा ओघ थांबेनासा झाला. जुन्यांनी त्याला नाव ठेवलं, कधी न संपणारा सप्टेंबर. आमचा ऑक्टोबर तसाच, आगाप छाटणीवाल्यांमुळं तो ऑगस्टातच चालू होतो. फरक एवढाच की आमच्याकडं नवा माणूस आला नाही तर ग्रुपात राहणार कोण? पोरं पुण्याला, बागा तोडून ऊस.

आता जुन्यांची बाजू. ती खोटी नाही. आमच्याकडं एक अण्णा आहेत, सत्तरी ओलांडलेले, त्यांना रात्री अकराला फोन यायचे, "अर्जंट आहे". त्यांच्या सूनबाईंनी शेवटी फोन काढून घेतला. कुणावरही उत्तर द्यायचं बंधन नको. खासगी फोन लावायचा तर आधी विचारून. दमलेल्या माणसानं उत्तर देण्यापेक्षा गप्प बसावं, दुसरा देईल. तुमच्या वैतागलेल्यांना तेवढी सुट्टी द्या, अर्धी भांडणं तिथंच मिटतील. आणि नव्याकडनं एक गोष्ट हक्कानं मागा: काय मारलं आणि चार दिवसांनी काय झालं, हे परत येऊन लिहायचं. फी समजा. ज्यानं ते लिहिलं त्याला पुढच्या वेळी अण्णा स्वतः उत्तर देतात. तीनदा उलट विचारूनही जो काही सांगत नाही, नुसता "लवकर सांगा" म्हणतो, त्याला सोडून द्या. काढायची गरज नसते, तो आपोआप जातो.

पिन केलेला मेसेज ठेवा, पण तो कुणी वाचेल ह्या भरवशावर राहू नका. माणूस बांधावर उभा असतो, फोन 9 टक्क्यांवर असतो. त्याऐवजी दोन-तीन जणांच्या फोनमध्ये एक मजकूर तयार ठेवा आणि नव्याला नावानिशी पाठवा. आल्यातलं मला फारसं कळत नाही, तरी कंदकूज आणि मर ह्या दोन्ही रोगांत झाड वरून सारखंच पिवळं दिसतं, हे तुमच्याकडच्याच एका पाहुण्यानं सांगितलं होतं. मर जीवाणूची असली तर खोड कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरलं की पांढरट धार सुटते म्हणे. ते तुमचं "उलटं पान". मग मजकूर काहीसा असा होईल:

"नमस्कार दादा, ग्रुपवर स्वागत. लागवड कधीची? एक झाड कंदासकट उपटून, कंद आडवा कापून फोटो टाका. जमलं तर खोडाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात दोन-चार मिनिटं धरून तोही फोटो. उजेडात काढा. तोवर कुणाच्या सांगण्यावरून कुठलं औषध सोडू नका."

ह्यातलं "उजेडात काढा" काढून टाकू नका. रात्री टॉर्चच्या उजेडात सगळंच आलं पिवळं दिसतं.