इन्व्हर्टर असूनही लाइन गेली की कॉम्प्युटर बंद पडतो, काय करावं?

भाऊ, आधी इन्व्हर्टरच्या मागे वाकून बघा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरला तिथे एक छोटं बटन असतं. एकीकडे यूपीएस, दुसरीकडे नॉर्मल किंवा इको. ते यूपीएसवर करा. लाइन जाऊन बॅटरी सुरू होईपर्यंतचा क्षण पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात मरतो. यूपीएस मोडवर तो खंड साधारण 10 मिलिसेकंदांवर येतो. मी वर्षभर कॉम्प्युटर विकणाऱ्याला बोल लावला, अन् बटन मागे धुळीखाली होतं!

एक भानगड आहे. या मोडवर व्होल्टेज 180च्या आसपास आलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. आमच्या दारव्ह्याकडे हरभऱ्याच्या ओलिताला मोटारी सुरू झाल्या की हेच होतं, रात्री बॅटरी रिकामी. तुमच्याकडेही असंच असेल तर बटन नॉर्मलवरच ठेवा अन् कॉम्प्युटरपुरता 600 व्हीए क्षमतेचा वेगळा यूपीएस, म्हणजे लाइन गेली की लगेच वीज देणारा बॅटरीचा छोटा डबा, घ्या. दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तेवढ्यात सेव्ह करून नीट बंद करता येतो. लेझर प्रिंटर त्याला जोडू नका, एकदम जास्त करंट ओढतो.

तोवर टाइप करताना दर परिच्छेदाला कंट्रोल-एस दाबत राहा.