पर्वती चढताना धडधड होते

प्रश्न : मी ४७ वर्षांची, पुण्यात प्राथमिक शाळेत शिकवते. दिवाळीनंतर रोज पहाटे पर्वती चढायला लागले. साठ-सत्तर पायऱ्या झाल्या की इतकी धडधड होते की ठोके कानात ऐकू येतात. वर पाच मिनिटं बसलं की हळूहळू ओसरते. रात्री डाव्या कुशीवर झोपले की कधी एखादा ठोका चुकतो आणि गळ्याशी उसळी येते. ईसीजी नॉर्मल आला. वर्षभर पाळीत अंगावरून फार जातं, पण त्याचा इथे काही संबंध नसावा. घरचे म्हणतात, गॅस असेल नाहीतर टेन्शन. चढणं सोडून देऊ का?

उत्तर : ताई, सोडू नका. फक्त पुढचे काही दिवस सपाटीवर चाला आणि तेवढ्यात खाली सांगते त्या तपासण्या उरका. चालताना छातीत दाबल्यासारखं झालं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र तिथेच थांबायचं.

ज्याचा संबंध नसावा असं तुम्ही लिहिलंय, मी तिथूनच सुरुवात करते. पाळीत सतत फार रक्त गेलं की हिमोग्लोबिन उतरतं. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की आम्ही त्याला रक्तक्षय म्हणतो. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य कमी, म्हणून तेवढ्याच कामाला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात. बसल्या जागी हे कळत नाही, पायऱ्यांवर कळतं. तेव्हा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड आधी तपासा, आणि पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. ‘या वयात असं व्हायचंच’ म्हणून अंगावर काढू नका.

आता धडधडीबद्दल. तुमच्या पत्रात दोन निरनिराळ्या धडधडी आहेत. पायऱ्यांवरची हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते, हे मला बरं वाटलं. विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० ठोके असतात. २२० मधून वय वजा करायचं, या ढोबळ हिशेबाने तुमची कमाल १७३ च्या आसपास येते. सवय नसताना पर्वतीच्या १०३ पायऱ्या एका दमात चढलं, तर नाडी १५० ला जाणं नवलाचं नाही. रात्रीची उसळी वेगळी. तिथे बहुधा एक ठोका वेळेआधी पडतो, तो कळतही नाही. मग क्षणभर विराम, तेवढ्यात हृदय जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. म्हणजे तो ‘चुकलेला’ ठोका खरं तर लवकर आलेला असतो. हृदय निरोगी असेल तर असे ठोके बहुतेकदा निरुपद्रवी असतात.

मी रुग्णाला नेहमी सांगते, ठोके टेबलावर बोटाने वाजवून दाखवा. एका बाईंनी एकसारखे, इतके भरभर वाजवले की मला मोजता येईनात. म्हणाल्या, ‘बटण दाबल्यासारखं सुरू होतं, तसंच बंद होतं.’ हृदयातल्या विद्युतप्रवाहाचं ते एक जादा वळण होतं, नीट उपचार होणारं. त्याआधी चार वर्षं त्यांना टेन्शन म्हणून परत पाठवलं जात होतं. बायकांची धडधड अशी न तपासता टेन्शनच्या खाती टाकतात, याचा मला मनापासून राग येतो.

तुमचा ईसीजी नॉर्मल आला, पण ती पट्टी जेमतेम दहा सेकंदांची असते आणि तुम्ही तेव्हा खाटेवर निवांत पडलेल्या होतात. धडधड पर्वतीवर होते! म्हणून ट्रेडमिल टेस्ट (पट्ट्यावर चालताना काढलेला ईसीजी) आणि २४ तासांचा होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणारं छोटं यंत्र) यांबद्दल डॉक्टरांशी बोला. होल्टर लावला आणि त्यांनी हरकत घेतली नाही, तर त्या दिवशी मुद्दाम जिना चढा, वेळ लिहून ठेवा. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, आईला विचारा. त्याने हृदयाची झडप अरुंद झालेली असू शकते, ते टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसतं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर तेही सांगा. सर्दीच्या गोळ्या आणि दम्याचा पंप यांनीही धडधड वाढते, चालू असतील तर लपवू नका.

व्यायाम करताना शुद्ध हरपली, तर ती तपासणीची वाट पाहण्याची गोष्ट नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. छातीतला दाब थांबूनही जात नसेल तर १०८ ला फोन.

रिपोर्ट चांगले आले की पुन्हा पर्वती, पण पंचवीस पायऱ्या झाल्या की मिनिटभर उभं राहा. बोलताना वाक्य तुटायला लागलं तर वेग जास्त झाला असं समजा. वर पोचल्यावर अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवा, तीस सेकंद मोजून दुप्पट करा, आणि ठोके समान अंतराने पडतात की वेडेवाकडे, तेही बघा. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. आठवड्याचे आकडे वहीत लिहा आणि हिमोग्लोबिनच्या रिपोर्टसोबत मला कळवा.