वाचकांचे प्रश्न : कायद्यातली पीएच.डी.

प्रश्न : एलएल.एम.ला ५७ टक्के आहेत, बेळगावला वकिली करतो. ‘सीमाभागातील मराठी भाषिकांचे हक्क’ हा विषय पीएच.डी.ला चालेल का? प्रवेश कसा मिळतो? (एक वकील, खानापूर)

उत्तर : किमान ५५ टक्के लागतात, तेव्हा गुणांची काळजी नको. विषय मात्र मुलाखतीतच अडेल. कोणते हक्क, कोणत्या काळातले, कुठल्या तालुक्यातले, यातलं काहीच त्यात नाही. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याच्या निकालावरही प्रबंध टांगून ठेवू नका.

एकच धागा धरा. कलम ३५०-अ घ्या. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेलं हे कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या सोयीबद्दल आहे, पण त्यातले शब्द पाहा : राज्य ‘प्रयत्न करील’. प्रयत्न म्हणजे हक्क का? इथेच तुमचा खरा प्रश्न सापडतो. मातृभाषेचं माध्यम राज्याला सक्तीचं करता येत नाही, हा कर्नाटकाच्याच प्रकरणातला २०१४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आधी मुळातून वाचा. तो टाळून लिहिलेला प्रबंध परीक्षकापुढे टिकणार नाही.

वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असली की त्या भाषेचा शिक्षक, हा भाषिक अल्पसंख्याकांसाठीचा जुना निकष. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांचा पट, मंजूर शिक्षक आणि हजर शिक्षक, असे दहा वर्षांचे आकडे माहिती अधिकारात शाळावार मागा. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो. सगळं एकाच अर्जात कोंबलं की तो परत येतो. उत्तरं कन्नडमध्ये येतील, भाषांतराला वेळ धरा.

प्रवेशासाठी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा द्या, विधी विषयाचा क्रमांक ५८. जेआरएफ (याच परीक्षेतून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) नसेल तर नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. म्हणून निकालाआधीच आराखडा तयार हवा. हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाची जाहिरात आली की अर्धवेळ जागा आहेत का, ते पाहा. गाईडकडे जागा आहे का, हेही आधीच विचारा : प्राध्यापकाला ८, सहयोगीला ६, सहायकाला ४ विद्यार्थीच घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. पुढे कोर्सवर्क, म्हणजे प्रवेशानंतरचा वर्गातला अभ्यासक्रम, किमान १२ क्रेडिटचं, त्यातही ५५ टक्के हवेत. तेव्हा कोर्टाच्या तारखा सांभाळून वर्गाला कसं बसणार, हे ज्येष्ठ वकिलांशी आत्ताच बोलून घ्या.

प्रश्न : मी ओबीसी, एलएल.एम.ला ५१ टक्के. संधी आहे का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : आहे. नॉन-क्रीमी लेयर असाल तर ५ टक्के सवलत मिळते, म्हणजे ५० पुरतात. दाखला अर्जाच्या तारखेला चालू आहे ना, तेवढं तपासा.