बादली उचलताना कंबर धरली आहे, आठवडाभर झोपून राहावं का?

नाही, आठवडाभर अंथरुणात पडून राहू नका; फार तर एक-दोन दिवस, तेही दुखणं असह्य असेल तरच. बादली उचलताना धरलेल्या कंबरेत बहुतेक वेळा हाडाला काही झालेलं नसतं, आणि पडून राहिल्याने स्नायू उलट आणखी आखडतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१८ च्या कंबरदुखीवरच्या लेखमालेतही हालचाल आणि जमतील ती रोजची कामं चालू ठेवायलाच सांगितलंय. घरातल्या घरात थोडं थोडं चाला. उठताना आधी कुशीवर वळा, पाय पलंगावरून खाली सोडा, मग हाताने रेटा देऊन बसा. थोडं दुखेल, घाबरू नका. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर लगेच हॉस्पिटल गाठा.