‘इलियड’ : कोणता अनुवाद घ्यावा आणि काय गाळावे?

प्रश्न : होमरचे ‘इलियड’ हे ट्रॉय नगराच्या युद्धावरचे प्राचीन ग्रीक महाकाव्य वाचावे अशी फार दिवसांची इच्छा आहे. ग्रीक येत नाही, मराठीखेरीज इंग्रजी वाचता येते. एक गद्य इंग्रजी अनुवाद वाचायला घेतला, परंतु दुसऱ्या सर्गातील जहाजांच्या यादीपाशी अडखळले. तीच ती विशेषणे, शब्दशः पुन्हा सांगितले जाणारे निरोप आणि रणांगणावर मरणाऱ्यांची न संपणारी नावे यांचा कंटाळा येतो. हा भाग गाळून वाचले तर चालेल का? की अनुवादच बदलावा? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : अनुवाद बदलावा आणि पद्य अनुवाद घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ई. व्ही. र्‍यू यांच्या १९५० च्या गद्य अनुवादासारखी पुस्तके कथानक समजून घ्यायला चांगली आहेत. पण हे काव्य मुळात श्रोत्यांसमोर म्हटले जाणारे आहे आणि त्याची पंधरा हजारांहून अधिक ओळींची लांबी लयीच्या आधाराशिवाय पेलवत नाही. इंग्रजी ही आपली शिकलेली भाषा असल्यामुळे पहिल्या वाचनासाठी एमिली विल्सन यांचा २०२३ चा अनुवाद सुचवतो. त्याची भाषा सरळ आहे आणि ओळ मोठ्याने वाचताना जिभेवर सहज बसते. रिचमंड लॅटिमोर यांचा १९५१ चा अनुवाद जवळ असू द्यावा. त्यातील लांब ओळी सुरुवातीला जड वाटतात, परंतु मूळ काव्याची रचना आणि पुनरुक्ती त्यांनी फार निष्ठेने सांभाळली आहे.

विशेषणांचा कंटाळा थोड्या दिवसांत जाईल. अर्जुनाला पार्थ, कौंतेय, धनंजय म्हटलेले आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ग्रीकांचा श्रेष्ठ योद्धा अकिलीस याला ‘पेलियसपुत्र’ म्हटल्यावर अडण्याचे कारण नाही. (‘अ‍ॅट्रियसपुत्र’ मात्र ग्रीकांचा सेनापती अ‍ॅगमेम्नॉनही आहे आणि त्याचा भाऊ मेनेलाउसही, तेवढे लक्षात ठेवावे.) मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकाने १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियातील गायकांची वीरगीते ध्वनिमुद्रित केली आणि अशी ठरीव पदे व ओळी हे लेखणीशिवाय, गाता गाता काव्य रचणाऱ्याचे साधन असते, हे दाखवून दिले. अकिलीस स्वस्थ बसलेला असतानाही ‘चपळ पायांचा’ का म्हणवला जातो, याचे उत्तर त्यात आहे.

निरोपांची पुनरुक्ती मात्र कृपा करून गाळू नका. नवव्या सर्गात अ‍ॅगमेम्नॉन रुसलेल्या अकिलीसला परत आणण्यासाठी नजराणा जाहीर करतो : सात तिवया, दहा टॅलंट (जुने ग्रीक वजन) सोने, वीस कढया, बारा घोडे, लेस्बॉसच्या सात स्त्रिया, अकिलीसकडून हिरावून नेलेली बंदिवान स्त्री ब्रिसेइस, पुढे सात नगरे. ग्रीकांचा दूत म्हणून ओडिसियस अकिलीसच्या छावणीत जाऊन ही सगळी यादी जवळजवळ शब्दशः ऐकवतो. पण अ‍ॅगमेम्नॉनने शेवटी म्हटले होते की, अकिलीसने आपल्यापुढे नमावे, कारण आपण त्याच्याहून थोर राजे आहोत. नेमके हे शब्द ओडिसियस वगळतो आणि अकिलीस उत्तराच्या आरंभीच सांगतो की, मनात एक ठेवून दुसरेच बोलणाऱ्या माणसाचा आपल्याला तिरस्कार वाटतो. यादी दोन्ही वेळा पूर्ण वाचलेल्यालाच ती गाळलेली जागा ऐकू येते, आणि म्हणूनच पुनरुक्तीला कात्री लावणाऱ्या अनुवादापासून दूर राहावे.

जहाजांची यादी पहिल्या वाचनात खुशाल ओलांडा. मरणाऱ्यांच्या नावांना मात्र मी तीच सवलत देणार नाही. चौथ्या सर्गात ग्रीक वीर अजॅक्सच्या भाल्याने सिमोइसियस नावाचा कोवळा तरुण मरतो. त्याची आई आपल्या आईवडिलांबरोबर मेंढरे पाहायला इडा पर्वतावर गेली होती आणि तिथून उतरताना सिमोइस नदीच्या काठी तिने याला जन्म दिला, म्हणून त्याचे हे नाव. आईबापांचे पांग फेडण्याआधीच तो पडतो. रथाच्या चाकाचा लाकडी घेर करण्यासाठी सुताराने तोडलेला आणि नदीकाठी वाळत पडलेला पॉप्लर वृक्ष पडावा तसा. एवढ्या ओळींपुरताच तो या काव्यात येतो, पुन्हा कधीही दिसत नाही. होमरने ट्रॉयच्या बाजूच्या या मुलाला घर, नदी आणि आई दिली आहे. लढाईचे सर्ग गाळणाऱ्या वाचकाच्या हाती फक्त वीरांची भांडणे उरतात.

एक पूर्वसूचना द्यायला हवी. ग्रीक सैनिक ज्यात लपून ट्रॉयमध्ये शिरले तो लाकडी घोडा आणि ट्रॉयचा पाडाव यांची वाट पाहत वाचू नका, कारण ते प्रसंग ‘इलियड’मध्ये नाहीत. घोड्याची हकिगत होमरच्याच ‘ओडिसी’ या दुसऱ्या महाकाव्याच्या आठव्या सर्गात डेमोडोकस नावाचा गायक गाऊन सांगतो. ‘इलियड’ युद्धाच्या दहाव्या वर्षातील काही आठवड्यांपुरते आहे आणि ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यसंस्कारापाशी थांबते.

पुस्तक विकत घेण्यापूर्वी दोन-तीन अनुवादांतून सहाव्या सर्गाचा शेवट ताडून पाहा. रणात परतणाऱ्या हेक्टरच्या शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून त्याचे तान्हे मूल घाबरते आणि दाईच्या कुशीत शिरते. आईबाप हसतात, हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि मग मुलाला उचलून घेतो. हा प्रसंग ज्या अनुवादात आपल्याला मोठ्याने वाचावासा वाटेल, तो घ्यावा, मग तो मी वर सुचवलेला नसला तरी हरकत नाही.