'इलेक्ट्रिसिटी' हा शब्द फ्रँकलिनचा का?

'इलेक्ट्रिसिटी हा शब्द बेंजामिन फ्रँकलिनने काढला असं वाचलं, खरं का?' असा प्रश्न आलाय. नाही. फ्रँकलिनचा जन्म १७०६ चा. त्याआधी साठ वर्षं, १६४६ मध्येच, हा शब्द टॉमस ब्राउन नावाच्या डॉक्टरने छापला होता.

ब्राउन लंडनचा, जन्म १६०५. ऑक्सफर्डनंतर माँपेलिए आणि पादुआला शिकला, लायडनला एम.डी. झाला. १६३७ च्या सुमारास नॉरिचला दवाखाना थाटला तो शेवटपर्यंत. १६८२ मध्ये वारला, तोही म्हणे वाढदिवसालाच.

ज्या ग्रंथात हा शब्द येतो, त्या 'स्यूडोडॉक्सिया एपिडेमिका'चा विषय लोकांचे गैरसमज. हत्तीला गुडघेच नसतात, मेलेला खंड्या टांगला की वारा येतो त्या दिशेला छाती करतो, अशा समजुती. गडी नुसता वाद घालत बसला नाही. न पिळलेल्या रेशमी दोऱ्याने त्याने खंड्या टांगून पाहिला. मग एकाच खोलीत दोन टांगले, तर दोघांची तोंडं बऱ्याचदा भलतीकडेच!

स्फटिक म्हणजे घट्ट गोठलेला बर्फ, हाही असाच एक समज. तो खोडताना ब्राउन म्हणतो, बर्फ कापडाने घासत राहिलं की वितळतो, पण स्फटिक घासून तापला की त्यात 'इलेक्ट्रिसिटी' येते. म्हणजे गवताच्या काड्या ओढायची आणि मोकळी ठेवलेली सुई फिरवायची शक्ती. तारेतून घरात येते ती वीज त्याच्या डोक्यातही नव्हती. मूळ लॅटिन 'इलेक्ट्रिकस' विल्यम गिल्बर्ट या इंग्रज डॉक्टरचं, १६०० सालचं. ग्रीकमध्ये 'इलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर, झाडाच्या जुन्या चिकाचा खडा, घासल्यावर काड्या ओढणारा. संस्कृतात याच अंबराला तृणमणी म्हणतात आणि फारसीत कहरुबा, काडीचोर!

इंग्रजीतले शेकडो शब्द ब्राउनच्या नावावर मांडतात. मला ते जरा जास्तच वाटतं. सर्वांत जुना छापील दाखला सापडला म्हणजे शब्द त्यानेच घडवला असं होत नाही. आणि त्याला अंधश्रद्धेचा कर्दनकाळही म्हणू नका. इंग्लंडमधल्या 'बरी सेंट एडमंड्स' गावच्या चेटकिणींच्या खटल्यात याच डॉक्टरने चेटूक खरं असल्याची साक्ष दिली आणि दोन विधवा फासावर गेल्या.

फ्रँकलिनच्या पदरात काही घालायचंच असेल तर 'बॅटरी' घाला. तोफांच्या रांगेला बॅटरी म्हणत. विद्युतभार साठवणाऱ्या बरण्यांच्या जोडणीला ते नाव त्याने दिलं.